पाणी तेवढंच, जोर कमी: फायटर माशाच्या टाकीचे चार महिने

एप्रिल २०२४ मध्ये माझे सासरे आगरात पाटाच्या कडेला घसरून पडले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीला ऑपरेशन झालं, बारा दिवसांनी त्यांना पावसजवळच्या आमच्या वाडीत घरी आणलं, आणि त्यांचा पलंग पडवीलगतच्या खोलीत लावला. साठ वर्षं रोज सकाळी नारळी-पोफळीला शिंपणं करणारा माणूस. खिडकीतून त्यांना फणसाचा बुंधा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय एवढंच दिसायला लागलं. बोलणं कमी झालं, जेवण त्याहून कमी. मे महिन्यात एका दुपारी त्यांनी अचानक विचारलं, "अगो, रत्नागिरीचं मत्स्यालय अजून आहे काय?" सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या त्या मत्स्यालयात ते मुलांना घेऊन जायचे. त्यांच्या त्या प्रश्नावरून मी ठरवलं, पलंगाशेजारी एक छोटी टाकी ठेवायची.

छोट्या टाकीत फिल्टरचा प्रवाह माशाला झेपत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. ते कळून उपाय सापडेपर्यंत चार महिने गेले आणि एक पंपही गेला. ज्यांच्या घरी या क्षणी एखादा मासा फिल्टरमागे अंग चोरून बसला असेल, त्यांच्यासाठी हे सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

९ जूनला, रविवारी, रत्नागिरीहून टाकी आणली. १६ इंच लांब, १० इंच रुंद, १२ इंच उंच. टाकीचे ९०० रुपये, दिव्यासह झाकण ३५०, खडी १२०, आणि पाण्यात बुडवून काचेला चिकटवायचा फिल्टर ४५० रुपये. फिल्टरच्या खोक्यावर लिहिलं होतं, तासाला ६०० लिटर. दुकानदार म्हणाले, "हाच सगळ्यांत लहान आहे, वहिनी." मला वाटलं, पाणी जितकं जास्त फिरेल तितकं स्वच्छ राहील. पुढच्या रविवारी, १६ जूनला, मासा आणला. १८० रुपयांचा नर फायटर, निळा-जांभळा, अर्ध्या चंद्रासारखी शेपटी. खाण्याच्या गोळ्या ६० रुपये, क्लोरीन मारायचे थेंब ५०. आप्पांनी बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं निळोबा.

दुकानात तो प्लास्टिकच्या पेल्यात होता. टाकीत सोडल्यावर तो एकदम खुलला असं पहिली पाच मिनिटं वाटलं. मग दिसायला लागलं की तो पोहत नाहीये, वाहतोय. फिल्टरची धार डाव्या काचेपासून निघायची, उजव्या काचेवर आदळायची आणि तळातून परत यायची. सगळी टाकी म्हणजे एक भोवरा. शिडात वारा भरावा तसं त्याच्या शेपटीत पाणी भरायचं आणि तो मागे ढकलला जायचा. गोळी टाकली की ती त्याच्या तोंडासमोरून निघून जायची. दुसऱ्या दिवशी तो फिल्टर आणि काच यांच्यामधल्या बोटभर फटीत जाऊन बसला. मी शाळेत कारकून आहे, दिवसभर घरी नसते. दिवसभर टाकीकडे बघणारे आप्पाच. १८ तारखेला संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर म्हणाले, "अगो, ह्या माशाला विसावा नाही गो मिळत."

माझ्या मनाला ते फार लागलं. ज्या माणसाला सोबत म्हणून मासा आणला, त्याला मी दिवसभर त्या माशाचे हाल बघायला लावत होते.

दुकानात फोन केला. "दिवसातून दोन तास चालवा, बास झालं," असं उत्तर मिळालं. तसं केलं. दोन दिवस निळोबा खुशीत, पर पसरून, वर येऊन गोळी खाणारा. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी फिल्टर चालू केल्याबरोबर त्यातून तपकिरी गाळ आला आणि कुजका वास. निळोबाच्या परांच्या कडा लालसर झाल्या होत्या, शेपटीला एक चीर गेली होती.

आमच्या वाडीतली एक मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. २३ जूनला ती घरी आली होती, तिला हात धरून टाकीपाशी आणलं. तिच्याकडे थेंब टाकून रंग बघायचं किट होतं. अमोनिया निघाला लिटरला १ मिलिग्रॅम. तो शून्य असायला हवा. तिने आप्पांच्या पलंगावर बसून समजावलं ते असं. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन माशाला विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी, तेही पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तिला सतत प्राणवायूचं पाणी लागतं. मी रोज बावीस तास फिल्टर बंद ठेवून ती वस्ती बसण्याआधीच उठवत होते.

"काकू, फिल्टर बंद नका करू," ती म्हणाली. "पाणी फिरू दे. नुसता जोर कमी करा."

मग तिने हिशोब मांडला. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, भागिले हजार, म्हणजे लिटर. आमच्या टाकीत ४० गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे २५ लिटर. ६०० भागिले २५, म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला २४ वेळा फिल्टरमधून जाणार. मात्र खोक्यावरचा आकडा स्पंज न घालता, पाणी वर न चढवता मोजलेला असतो. खरा आकडा घरी काढता येतो: फिल्टर बादलीत धरून त्याची धार एक लिटरच्या मापात घ्यायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. आमचं माप ८ सेकंदांत भरलं. ३६०० भागिले ८, तासाला ४५० लिटर. म्हणजे १८ वेळा. फायटरला तासाला तीन ते पाच वेळा पुरे असतं.

फायटर मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागातला. भातखाचरं, दलदल, उथळ संथ पाणी हे त्याचं घर. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केलं. गढूळ, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. पृष्ठभागावरच धार असेल तर त्याला श्वास घेणंही कष्टाचं. शिवाय रानातल्या फायटरचे पर आखूड असतात, ही लांब शेपटी माणसाने पैदास करून वाढवलेली. एवढं लुगडं नेसवून त्याला ओढ्यात उभं केल्यासारखं आम्ही केलं होतं.

हे ऐकून आप्पा महिन्याभरात पहिल्यांदा मोकळे बोलले. "म्हणजे हा मळ्यातला मासा. चढणीचा नव्हे." मृगाचा पाऊस झाला की वहाळातून उलटं पाणी कापत वर चढणारे मासे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. आप्पांच्या डोळ्यांसमोर मासा म्हटलं की तोच होता. त्या संध्याकाळी त्यांनी मला चढणीच्या माशांच्या तीन गोष्टी सांगितल्या आणि भाताचा एक घास जास्त घेतला.

पुढची चूक माझी. २४ जूनला मी फिल्टरच्या पाणी ओढायच्या खाचांवर जुन्या ओढणीच्या तीन घड्या गुंडाळून रबर लावलं. प्रवाह निम्मा झाला, निळोबा बाहेर आला, मला हायसं वाटलं. २८ तारखेच्या रात्री पंप घुरघुरायला लागला. सकाळी पाण्यात थर्मामीटर घातला तर ३० अंश. एरवी पावसाळ्यात २७ असतं. पंपाला हात लावला तर चटका बसला. थोड्या वेळात तो बंदच पडला.

आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगो, विहिरीवरच्या मोटारीचं तेच. फूटव्हॉल्व्हला पालापाचोळा अडकला की मोटार तापते. पाणी कमी हवं तर पुढचा कॉक फिरवायचा, मागचा गळा नाही आवळायचा." या बुडवायच्या पंपांनाही आतून जाणारं पाणीच थंड ठेवतं आणि फिरत्या आसाला तेच वंगण असतं. म्हणून पाणी आत घ्यायच्या बाजूला कधीच अडथळा घालू नका, बाहेर सोडायच्या बाजूला घाला. मासा खाचांत ओढला जाऊ नये म्हणून तिथे जाड छिद्रांचा स्पंज लावायचा असेल तर लावा, पण तो दर आठवड्याला धुवा. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. त्यानंतर टाकीतली एकही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय केली नाही.

फिल्टरला सहा महिन्यांची वॉरंटी होती. माझ्याकडे मात्र साध्या चिठ्ठीवरचं बिल, त्यावर ना शिक्का ना क्रमांक. २ जुलैला रजा टाकून एसटीने रत्नागिरीला गेले आणि दुकानातून जुन्या तारखेची नोंद बघून पक्कं बिल करून घेतलं. कंपनीला हवं होतं ते असं: पक्क्या बिलाचा फोटो, पंपावरच्या क्रमांकाचा फोटो, पंप चालत नसल्याचा व्हिडिओ, आणि ऑनलाइन अर्ज करून मिळालेला तक्रार क्रमांक पार्सलवर मोठ्या अक्षरात. मी ओढणी गुंडाळली होती हे अर्जात लिहिलं, लपवून मला बरं वाटलं नसतं. ४ जुलैला कुरिअर केलं, १४० रुपये. ९ तारखेला मेल आला, क्रमांकाचा फोटो अस्पष्ट आहे. पंप तर पाठवून झाला होता. नशिबाने खोक्यावर तोच क्रमांक होता, त्याचा फोटो पाठवला. १२ तारखेला मंजुरी आणि २२ जुलैला बदली पंप. तोही वाडीपर्यंत आला नाही, पाऊस फार म्हणून पावसला जाऊन घ्यावा लागला. पंप विकत घ्याल त्या दिवशीच पक्कं बिल घ्या आणि पंपावरच्या क्रमांकाचा नीट उजेडात फोटो काढून ठेवा.

मधले तेवीस दिवस फिल्टर नव्हता. रोज सहा लिटर पाणी काढायचं, सहा घालायचं, गोळ्या दिवसाआड दोनच. सकाळी शाळेला जायच्या आधी पंधरा मिनिटं यातच जायची. इथे आणखी एक अडचण उभी राहिली. आमचं पाणी वाडीच्या सार्वजनिक विहिरीचं. पावसात विहीर गढूळ होते, म्हणून ग्रामपंचायत त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते. माणसांच्या पोटासाठी ते हवंच. पण ८ जुलैला पाणी शेंदलं तर कळशीला क्लोरीनचा उग्र वास. तसंच घातलं असतं तर मासाही गेला असता आणि उरलेसुरले जिवाणूही. ग्रामपंचायतीत जाऊन पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांना विचारलं. त्यांनी वही काढून दाखवली, सोमवार आणि गुरुवार सकाळ. तेव्हापासून मी रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी पाणी भरते, उघड्या बादलीत निदान एक दिवस ठेवते आणि वर थेंब घालते. गावातल्या विहिरीचं पाणी वापरत असाल तर हा वार विचारून घ्या. मला विचारायला संकोच वाटत होता, पण त्यांनी आपुलकीने सांगितलं आणि मासा कसा आहे हे पुढे दोनदा विचारलंही.

त्या तेवीस दिवसांत एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. पाणी निश्चल होतं आणि निळोबा पहिल्यांदा पुरता उघडला. सगळे पर ताणून तो टाकीच्या मध्यभागी थांबायचा, आप्पांकडे तोंड करून. शेपटीची चीर भरायला लागली. संथ पाण्यात तो कसा असतो हे आम्हाला कळलं, तेच आता फिल्टर चालू ठेवून मिळवायचं होतं. अमोनिया मात्र ०.२५ ते ०.५ च्या मध्ये रेंगाळत होता, रोज पाणी बदलूनही. फिल्टरशिवाय कायमचं चालणार नव्हतं.

नवऱ्याशी फोनवर बोलून मी १३ जुलैलाच १२० रुपयांची स्प्रे बार मागवली होती. तो मुंबईत नोकरीला आहे, असल्या गोष्टी शोधून देतो. स्प्रे बार म्हणजे भोकं पाडलेली नळी. एका भोकातून धार येण्याऐवजी पाणी टाकीच्या लांबीभर वाटलं जातं. ती २४ जुलैला आली. तोवरचे दोन दिवस मी पाण्याच्या छोट्या बाटलीचा वरचा भाग कापून, धार आधी त्यावर आदळेल अशी फिल्टरच्या तोंडावर बसवला होता. तेवढ्यानेही बराच फरक पडला. ज्यांना आज रात्रीच काहीतरी करायचंय त्यांनी हे करावं, कापलेली कड मात्र पॉलिश पेपरने घासून घ्यावी, नाहीतर परांना लागते.

स्प्रे बार लावली आणि उलटंच झालं. दहा सुयांसारख्या धारा निघाल्या, समोरची खडी उडाली, निळोबा परत फटीत. मला रडूच आलं. एवढे दिवस थांबून आणलेली वस्तू, आणि तीच घातक. आप्पा म्हणाले, "भोकं बघ केवढी आहेत." भोकं होती २ मिलिमीटरची. रात्री कागद घेऊन बसले. फिल्टरचं मूळ तोंड १२ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस मिलिमीटर. २ मिलिमीटरची दहा भोकं मिळून जेमतेम ३१. तेवढंच पाणी चौथाईएवढ्या वाटेने ढकललं की ते जवळजवळ चौपट वेगाने बाहेर पडणार. होजच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तेच. सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ मिळून मूळ तोंडाच्या निदान दुप्पट तरी हवं, तरच वेग उतरतो. वाडीतल्या सुतारांनी ड्रिलने भोकं ४ मिलिमीटरची केली आणि मधे मधे आणखी दहा पाडून दिली. वीस भोकांचे २५१ चौरस मिलिमीटर. त्यांनी पैसे घेतले नाहीत, टाकी बघायला आले आणि चहा घेऊन गेले.

आता वेग निम्म्याहून कमी झाला होता. नळी मागच्या काचेला लावली, भोकं माशाकडे न ठेवता काचेकडे आणि किंचित वर वळवली. पाणी काचेवर आदळून खाली ओघळायला लागलं. त्यावर आप्पांनी त्यांच्या आगरातलं ज्ञान दिलं. "पाटाचं पाणी आळ्यात पडतं तिथे आम्ही दगड ठेवतो, वर झावळीचा तुकडा. नाहीतर माती खणली जाते, मुळं उघडी पडतात. जोर दगडाला मिळू दे, पाणी माडाला." सहा महिने झाले तरी हे वाक्य माझ्या कानात आहे. नदीतले दोन गुळगुळीत गोटे गरम पाण्याने धुवून उजव्या काचेपाशी ठेवले, आणि मनी प्लांटच्या चार फांद्या झाकणाच्या फटीतून सोडल्या, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात. मुळांची जाळी झाली की तिच्यात पाणी आपोआप मवाळ होतं, आणि ती नायट्रेटही शोषून घेते.

प्रवाह मोजायची आमची पद्धत साधी. बदामाच्या वाळक्या पानाचा नखाएवढा तुकडा पृष्ठभागावर टाकायचा आणि टाकीची फेरी पुरी करायला किती वेळ लागतो ते बघायचं. सुरुवातीला ४ सेकंद होते. आता २५ सेकंद, आणि डाव्या कोपऱ्यात तुकडा थांबायचाच. असा एक तरी थांबायचा कोपरा टाकीत हवा. हे काम मी आप्पांच्या हाती दिलं. उशाशी मोबाइल आणि वही, रोज सकाळी एक नोंद.

३ ऑगस्टच्या रात्री वाऱ्याने झाड पडून वीज गेली ती अकरा तास. आमच्याकडे पावसाळ्यात हे चालायचंच. पण वीज आल्याबरोबर फिल्टरने पुन्हा तो कुजका गाळ ओकला. शिरगावच्या मुलीला फोन केला. बंद डब्यातला स्पंज पाणी थांबलं की प्राणवायूला मुकतो आणि जिवाणू मरायला लागतात. बराच वेळ वीज गेली असेल तर चालू करण्याआधी स्पंज काढायचा, टाकीतून काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळायचा, मग लावायचा. विहिरीच्या ताज्या पाण्यात नाही, क्लोरीन असतं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही स्पंज फिल्टरच घ्या ना." उघड्या पाण्यात ठेवलेला स्पंज, हवेच्या पंपाने बुडबुडे सोडायचे, बुडबुड्यांबरोबर पाणी स्पंजमधून हळूहळू ओढलं जातं. धार अशी नाहीच. वीज गेली तरी स्पंज टाकीच्याच पाण्यात असतो, कोंडला जात नाही.

गणपतीच्या आधी कुरिअरचा भरवसा नव्हता. नवरा ५ सप्टेंबरला आला तो मोदकांच्या साच्यांबरोबर तेही घेऊन: स्पंज फिल्टर १८० रुपये, हवेचा पंप ३८०, नळी आणि टी-कॉक (तीन तोंडांचा छोटा कॉक) ९०, उलट न येऊ देणारा व्हॉल्व्ह ३०. या व्हॉल्व्हचे तीस रुपये वाचवू नका. वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली पंपात येऊ शकतं. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे असावा, आणि जमलं तर पंप पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा. आम्ही फळीवर ठेवला, खाली गोधडीची घडी, नाहीतर रात्री फळी थरथरते आणि आप्पांना झोप येत नाही. सगळ्या वायरींना सॉकेटच्या खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं.

बुडबुडेही सुरुवातीला जास्तच झाले. इथे पुन्हा गळा आवळायचा मोह होतो. हवेच्या पंपाची नळी आवळली तर आतल्या रबरी पडद्यावर ताण येऊन तो लवकर फाटतो. टी-कॉकच्या मोकळ्या तोंडातून जादा हवा बाहेर सोडून द्यायची. कॉक एवढा उघडा की बुडबुडे मोजता येतील इतके सावकाश यावेत.

जुना फिल्टर लगेच काढला नाही, कारण वस्ती त्यात होती. जुना स्पंज नव्या स्पंजवर पिळला आणि दोन्ही महिनाभर एकत्र चालवले. गणपतीत घर भरलेलं, सगळी मुलं टाकीभोवती. गोळ्यांचा डबा मी देवघराच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि आरतीच्या वेळी टाकीवर पातळ पंचा टाकायचे, झांजांनी निळोबा बिचकतो. १५, २२ आणि २९ सप्टेंबरला तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ६ ऑक्टोबरला जुना फिल्टर काढून ठेवला.

एकंदर खर्च ३०५० रुपये झाला. पहिल्याच दिवशी स्पंज फिल्टर घेतला असता तर २३४० मध्ये भागलं असतं. २५-३० लिटरच्या टाकीत फायटर ठेवणार असाल तर माझं मत स्वच्छ आहे, धारेचा फिल्टर घेऊच नका. घेतला असेल आणि पैसे पुन्हा घालायचे नसतील तर मोठ्या भोकांची स्प्रे बार, तोंड काचेकडे, समोर मुळं किंवा गोटे, एवढ्याने मासा नक्की सुखात राहतो. आमचा महिनाभर तसाच राहिला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला सकाळी, आप्पांनी हाक मारली. आवाजावरून मला वाटलं पडले. धावत गेले तर ते वॉकर धरून टाकीपाशी उभे होते. पलंगापासून चार पावलं, कुणी धरलेलं नव्हतं. तरंगणाऱ्या बदामाच्या पानाखाली फेसाचा रुपयाएवढा पुंजका दिसत होता. नर फायटर अंड्यांसाठी असं बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादी नसली तरी बांधतो. पाणी वाहतं असेल तर ते टिकत नाही, फुटून जातं. निळोबा त्याच्या खाली पर पसरून उभा होता, मधेच वर जाऊन एक बुडबुडा लावत होता.

"आज पाणी बदलायचा वार ना?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"उद्या कर."